शिवकांताची मालिका

शिवकांताची मालिका कुठल्याच चॅनेलवर लागत नव्हती. ती देवणीला, तिच्या लेकीच्या, मंजुश्रीच्या सासरी चालू होती. हे आम्हाला कळलं तेव्हा मंजुश्री लातूरच्या दवाखान्यात होती आणि तिचे पाय हलत नव्हते.

आधीपासून सांगते.

आमच्या उदगीरच्या गल्लीत महादेवाचं देऊळ आहे. दर सोमवारी दुपारी तिथं आम्हा बायकांचं भजन असतं. शिवकीर्तन असलं तर मला तहानभूक राहत नाही, पण कीर्तनकार काही दर सोमवारी येत नाहीत. मग भजन उरकलं की आम्ही संध्याकाळच्या पूजेचा बेल निवडत बसतो, आणि निवडता निवडता आठवडाभर बघितलेल्या मालिका निघतात. किडकं, भोक पडलेलं पान देवाला चालत नाही. ते बाजूला पडतं. त्याच पानांनी आम्ही मालिकांना मार्क देतो. चांगली असली तर तीन पानं, रडकी असली तर एक, आणि वर्षभर एकच लग्न लांबवत बसले तर नुसतं देठ. देठ देण्यात गुणाबाईचा हात कुणी धरणार नाही. सिंधू आमच्यातली सगळ्यात लहान सून. ती निकाल मोबाइलच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे न आलेलीला घरबसल्या कळतं. शेवटचा शब्द माझा असतो. मी वयानं मोठी, सगळ्या मला शरणम्माक्का म्हणतात. कीर्तनं ऐकून ऐकून अक्काला कथेतलं कळतं, असा त्यांचा समज. माझाही होता.

शिवकांता कडक भाकरी करून विकते. नवरा गेलेला, एकुलती एक लेक मागच्या वर्षी देवणीला दिलेली. ती आमच्यात बसायची, पण बोलायची नाही. ऐन वैशाखात एका सोमवारी एकदम म्हणाली, "मी बी एक बघून राहिले. मोबाइलवर लागतीया. पुनम नावाची पोरगी हाय तिच्यात."

"नाव काय मालिकेचं?" सिंधूनं विचारलं.

"नाव काय की बाई. मला कुठं वाचाया येतंय."

पहिल्या सोमवारी पुनमच्या सासूनं तिचा मोबाइल काढून घेतला. एक पान. दुसऱ्या सोमवारी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिला दोन दिवस जेवू दिलं नाही. गुणाबाई म्हणाली, "हे तर सगळ्याच मालिकांत असतंय. नवीन काय?" पुन्हा एक पान.

तिसऱ्या सोमवारी शिवकांता म्हणाली, "पुनमच्या चपला नवऱ्यानं कपाटात कुलूप लावून ठेवल्या. माहेरी पळू न्हाई म्हणून."

गुणाबाई पोट धरून हसली. "चपला कुलपात! सोनं ऱ्हातंय की गं कुलपात! लिहिणाऱ्याचं डोस्कं फिरलंय. देठ घे."

"पळायचं तर अनवाणी बी पळता येतंय की," मी म्हणाले.

शिवकांतानं माझ्याकडं बघितलं. "पळाली, अक्का. तळपाय पोळले तिचे."

सिंधूनं ग्रुपवर टाकलं: "शिवकांताकाकूंची पुनम. चपला कुलपात. देठ." खाली हसरी तोंडं.

त्याच आठवड्यात मी भाकरी आणायला शिवकांताच्या घरी गेले. मंजुश्री दारात आली. पायात आईच्या चपला, बोटभर मोठ्या, आणि ती टाचा अधांतरी धरून चालत होती.

"कवा आलीस गं?"

"परवा."

"जावई बरे हायत ना?"

"हाव."

मी भाकरी घेतल्या आणि घरी आले. महादेवाच्या पायाशी बसून हे लिहिते आहे: मी चपला बघितल्या होत्या.

पुढच्या सोमवारी शिवकांताच्या हातात बेलाची एकच डहाळी कितीतरी वेळ तशीच होती. "पुनम आता माहेरी हाय," ती म्हणाली. "सासरचे म्हणतेत, आठ दिवसांत ये, न्हाई तर कायमची तिथंच ऱ्हा. आई एकटी हाय तिची. अक्का, पुढं काय व्हाया पाहिजे?"

"ठाण्यात जावं, अन् काय," सिंधू म्हणाली. "परत जाऊच न्हाई तिनं."

"तू गप. मग मालिका दोन दिवसांत संपंल," गुणाबाई म्हणाली.

मला तर कथा सापडली होती. मांडी ठोकून बसले आणि कीर्तनकार बुवांच्या थाटात सांगितलं, "हे बघा. देव भक्ताची परीक्षा घेतो. ताटातलं काढतो, डोक्यावरचं छप्पर काढतो, आणि भक्त ढळला न्हाई की शेवटी धावत येतो. पुनमला परत पाठवाया पाहिजे. तोंडातून शब्द न काढता तिनं सोसावं. मग बघा, तोच नवरा तिचे पाय धरतोय. असं दाखवलं तर माझी तीन पानं."

"खरंच तीन पानं द्याल, अक्का?"

"महादेवाची आण."

सिंधूनं तेही टाकलं.

गुरुवारी मी बाजारातून येताना बसस्टँडवर दोघी मायलेकी दिसल्या. देवणीची गाडी लागली होती. मंजुश्रीच्या पायात तिच्या मापाच्या नव्या चपला होत्या. "नांदाया निघाली व्हय? लई बरं झालं," मी म्हणाले. बटव्यातली विभूती काढून तिच्या कपाळाला लावली. ती वाकून माझ्या पाया पडली. शिवकांता माझ्याकडं बघत होती. गाडी सुटली तरी ती तिथंच उभी होती. मला वाटलं, लेक सासरी जाताना आईचं असं होतंच.

अकराव्या दिवशी मंजुश्री गच्चीवरून पडली. सासरचे म्हणाले, कुरड्या वाळत घालताना पाय घसरला. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं.

मी आणि सिंधू लातूरला गेलो. खाटेशी शिवकांता बसली होती. तिनं मला बसायला जागा केली, पाणी दिलं. मग सगळं सांगितलं. पुनम कोण, ते पण. आवाज न चढवता सांगत होती, भाकरीचं पीठ मळावं तसं. "लेकीचं असलं तोंडानं कसं सांगावं, अक्का? लोक म्हणतेत, हिनंच काय तरी केलं असंल. मालिकेतल्या पोरीला तसं कुणी म्हणत न्हाई. म्हणलं, बायका काय म्हणतेत ते तरी कळंल."

मंजुश्री छताकडं बघत होती. "अक्का, आई म्हणली, शरणम्माक्कानं सांगितलंय, जा. म्हणून गेले. तुमाला ठावं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. "सांगितलं न्हाई कुणी," मी म्हणाले. "पण तुझ्या पायात आईच्या चपला बघितल्या होत्या मी."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

दुपारी पोलीस ठाण्यातल्या एक बाई जबाब घ्यायला आल्या. मंजुश्रीनं सांगितलं, नवऱ्यानं ढकललं. बाईंनी लिहून घेतलं आणि उसासा टाकला. "सासरचे म्हणतेत, पडल्यावर आईनं पढवलंय. आधीचं काही हाय का? तक्रार, कागूद, काही?"

शिवकांतानं मान हलवली. कागद कुठून येणार.

मी सिंधूला म्हणाले, "मोबाइल काढ."

"अक्का, ती मालिका हाय. हसलोय आपण त्याच्यावर. कोण धरंल?"

"तारीख हाय ना प्रत्येकाला? काढ."

सिंधू वाचू लागली. मोबाइल काढून घेतला, एक पान. दोन दिवस उपाशी, एक पान. चपला कुलपात, देठ. पोलीस बाई आधी गोंधळल्या, मग पुनम म्हणजे मंजुश्रीच हे मी सांगितल्यावर खुर्ची पुढं ओढून तारखा लिहू लागल्या. "त्या चपला अजून हायत का कपाटात?" त्यांनी मंजुश्रीला विचारलं. तिनं भिंतीकडूनच मान डोलवली.

सिंधू थांबली. पुढची ओळ माझी होती. माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली, "अक्का, एवढं पुसू का? तुमचं नाव हाय."

शिवकांता माझ्याकडं बघत होती. बसस्टँडवर बघितलं होतं तसंच.

"पुसू नको," मी म्हणाले. "ते बी वाच. मोठ्यानं वाच."