दान दिलेल्या गाडीचे दात

व्हर्लिन हाउगेनने आयुष्यात कुणाला काही फुकट दिलं असेल तर ती सर्दी. त्यामुळे नाताळ सरताच एका सकाळी न्याहारीला बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, की आपली जुनी बुइक गाडी मी दान करणार, तेव्हा त्याच्या बायकोचा, मार्लिसचा, कॉफी ओतणारा हात तिथेच थांबला.

"बरंबिरं वाटत नाही का तुला?"

"एकतीस तारखेच्या आत दिली की करात सूट मिळते. रेडिओवर सांगत होते, ते लोकच गाड्या घेतात."

"मग जनेलला दे की! पोरीची गाडी बसलीय, नवी नोकरी चाळीस मैलांवर. पहिल्याच आठवड्यात खाडे झाले तर इस्पितळवाले तिला ठेवतील होय?"

जनेल त्यांची एकुलती एक. तिने महिन्यापूर्वी ही गाडी मागितली होती आणि व्हर्लिनने बघू, बघू करून तिला वाटेला लावलं होतं.

"पोरीला दिली तर त्याला दान म्हणत नाहीत, लाड म्हणतात," तो म्हणाला. "सरकार लाडावर सूट देत नाही. तिच्या वयात मला कुणी गाडी दिली होती?"

"तुझ्या बापाने. लाल पिकअप."

"ती चालत नव्हती!"

"दिली होती ना?"

व्हर्लिनने अंड्यावर मीठ मारलं. मार्लिस गप्प झाली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याला कळायला हवं होतं, की ही बाई गप्प झाली की समजावं, काहीतरी शिजतंय. पण जिंकल्याच्या आनंदात माणसाला कमी ऐकू येतं.

"बरं, दे," शेवटी ती म्हणाली. "पण रेडिओवाल्यांना नको. आपल्या चर्चला दे. तेही गरजूंना गाड्या देतात."

झालं. व्हर्लिन गॅरेजमध्ये शिरला. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. या पठ्ठ्याने गाय द्यायच्या आधी तिचे दातच काढून घेतले! बर्फाचे टायर उतरवले आणि कोपऱ्यात पडलेले जुने गुळगुळीत चार चढवले. नवी बॅटरी काढून जुनी बसवली. डिकीतलं फावडं, घोंगडी, वाळूची पिशवी, एवढंच काय, बर्फात अडकलो तर ऊब मिळावी म्हणून डब्यात ठेवलेली मेणबत्तीसुद्धा काढून घेतली. मिनेसोटात हिवाळ्यात डिकीत मेणबत्ती नाही अशी गाडी सापडणार नाही. पण सूट गाडीला मिळते, मेणबत्तीला नाही, असा त्याचा हिशोब.

आणि पकडणार कोण? चर्चमध्ये आलेल्या गाड्या तपासायचं काम कमिटीने त्याच्याच गळ्यात मारलेलं. शनिवारी त्याने स्वतःच्या गाडीला स्वतःच एक फेरी मारली आणि स्वतःच पास करून टाकली.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे तळघरात जमले. कॉफी, भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, लिंबाच्या वड्या. या चर्चची एक रीत होती: देणाऱ्याने सगळ्यांसमोर किल्ली घेणाऱ्याच्या हातात द्यायची. कुणाला मिळणार ते आधी सांगायचं नाही, गाव लहान आणि तोंडं मोठी. व्हर्लिन टाय लावून उभा होता. टाळ्या पडल्या की मान किती खाली घालायची तेसुद्धा त्याने आरशासमोर बघून ठेवलं होतं.

"तर ही गाडी," पास्टर टोवाबाई म्हणाल्या, "जनेल हाउगेनला."

मागच्या रांगेतून जनेल उठली. व्हर्लिनने मार्लिसकडे पाहिलं. ती निवांत लिंबाची वडी खात होती.

"आभारी आहे, मिस्टर हाउगेन," जनेलने हात पुढे केला. लोक हसले. ती काही हसली नाही.

व्हर्लिनने किल्ली पुढे केली, पण बोटं उघडेनात.

"व्हर्लिन, सोडा आता," टोवाबाई हळूच म्हणाल्या.

"मी लगेच निघते," जनेल म्हणाली. "उद्या सकाळी हजर व्हायचंय. बर्फ वाढायच्या आत तिकडे पोचून आजची रात्र तिथेच काढते."

तळघराच्या छोट्या खिडकीतून नुसतं पांढरं दिसत होतं. व्हर्लिनच्या डोळ्यांसमोर तिच्या वाटेतलं तळ्याकाठचं वळण आलं, त्यावरचा काचेसारखा बर्फ आला आणि ते चार टकले टायर आले.

"जाऊ नकोस."

"का?"

सगळं तळघर कान देऊन उभं. आता खोटं बोलावं तर पोर जाते, खरं बोलावं तर अब्रू जाते.

"टायर बाद आहेत," तो म्हणाला. "बर्फाचे माझ्या गॅरेजमध्ये आहेत. आणि बॅटरी."

"आणि?" मार्लिसने विचारलं.

"फावडं. घोंगडी. वाळू."

"आणि?"

"मेणबत्ती."

"मेणबत्तीसुद्धा?" टोवाबाईंच्या तोंडून निघून गेलं. बाकीचं त्यांनी माफ केलं असतं.

तासाभराने व्हर्लिन चर्चच्या अंगणात चांगल्या पँटीचे गुडघे बर्फात रुतवून टायर चढवत होता. काढलेले नट जनेल हातमोज्यात धरून उभी. मार्लिस शेजारी कॉफीचा थर्मास घेऊन.

"एक सांगू?" मार्लिस म्हणाली. "सूटबीट काही मिळणार नाही तुला. घराचं कर्ज फिटल्यापासून आपण सगळ्यांना सरसकट मिळते ती ठोक सूट घेतो. गाडी दान कर नाहीतर नदीत ढकल, सरकार तेवढीच देतं. करांचे कागद मी भरते, तू नुसती सही ठोकतोस."

व्हर्लिनचा पाना हवेतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"मग काय!"

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर जनेलला दिली असतीस?"

त्याने पुढचा नट मागितला. जनेलने तो दिला नाही.

"डॅड, मला वाटलं, परका माणूस तुला चालतो, मी चालत नाही. गाडीचं सोड. तेच लागलं मला."

व्हर्लिनला लाज वाटत होती, आणि तिची त्याला सवय नव्हती.

"परक्यालाही मी टकलेच टायर देत होतो," टायरकडे बघतच तो म्हणाला. "त्याचीही कुणीतरी पोर असतीच."

जनेलने नट दिला. त्याने तो घट्ट केला, पुन्हा एकदा केला, आणि बाकीचे तीन टायरही परत तपासले. बॅटरी बदलली, फावडं, घोंगडी, वाळू परत टाकली आणि मेणबत्ती स्वतःच्या हाताने डिकीत ठेवली. शेजारी आणखी एक ठेवली, कोरी.

"पोचलीस की फोन कर."

"तू फोन उचलतोस कुठे?"

"उचलीन."

घरी आल्यावर तो फोनजवळ खुर्ची ओढून बसला. रेडिओ लावला नाही, जेवायलाही उठला नाही. मार्लिसने दोनदा हाक मारली आणि मग ताट तिथेच आणून ठेवलं. बाहेर बर्फ सुरूच होता. फोन वाजला तेव्हा पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याने तो उचलला.

"पोचले," जनेल म्हणाली.

"टायर कसे आहेत?"

"टायर बरे आहेत. मीही बरी आहे, तू विचारलं नाहीस तरी."

"अगं, तेच तर विचारत होतो," व्हर्लिन म्हणाला. आवाज चिरकला म्हणून तो खोकला, आणि सर्दी झालीय असं सांगून मोकळा झाला.