फळ्याकडे तोंड होतं

‘प्रिय भगिनींनो, प्रभूच्या नावात सलाम. आजचा विषय, धैर्य...’

पुसलं.

दर शनिवारी विज्ञानाच्या बाई मोबाइलसमोर बसून गावाकडच्या आपल्या चर्चमधल्या बायकांसाठी चिंतन रेकॉर्ड करायच्या. आई ते रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना ऐकवायची आणि आठवडाभर मान ताठ करून फिरायची. लेक परदेशात शिकवते, वर प्रभूलाही विसरलेली नाही. आणखी काय हवं.

‘भगिनींनो, माझ्या शाळेतलंच उदाहरण देते...’

पुसलं. उदाहरण देणार डोंबल.

उदाहरण असं. वडील गेलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत रडत बसली होती. ‘माझ्यासाठी देवाकडे मागा ना,’ तीच म्हणाली. गणिताच्या बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. शेजारी विज्ञानाच्या बाई. प्रार्थना संपली तसं यांच्या तोंडून सवयीनं आमेन निघून गेलं.

या शाळेत मुलांसमोर देवाचं नाव काढायला मनाई. मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली आणि त्यांच्यापुढं तिची दातखीळ बसली.

“मुलीनंच मागितलं होतं, विज्ञानाच्या बाईंना विचारा,” गणिताच्या बाईंनी सांगितलं. यांनी हो म्हटलं असतं तर प्रकरण समज देऊन मिटलं असतं. पण पुढच्या महिन्यात यांचा करार वाढायचा होता.

“मी फळा पुसत होते,” विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. “फळ्याकडे तोंड होतं. काही ऐकू आलं नाही.”

‘भगिनींनो, पेत्रानं प्रभूला तीन वेळा नाकारलं...’

पुसलं. पेत्र निदान बाहेर जाऊन रडला तरी होता. बाई कँटीनमध्ये जाऊन जेवल्या होत्या.

काल, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, गणिताच्या बाई पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

“ताई, माझी अडचण तुम्हाला...”

“मी विचारलं का काही?” त्यांनी खोक्याला चिकटपट्टी ओढली. “फक्त एवढं सांग. तुझं आमेन इतकं खणखणीत होतं, की प्रयोगशाळेतल्या सांगाड्यालाही ऐकू गेलं असेल. तेही फळ्याकडे तोंड करूनच म्हटलंस का गं?”

यांनी खोकं उचलू लागायला हात पुढं केला. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी बघेल.”

‘भगिनींनो, कधी कधी मौन हीच प्रार्थना असते...’

हे मात्र सरसर आलं. कुठं अडखळणं नाही, हवा तिथं आवाजही ओला झाला. शेवटी आमेन म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. जीभ उचलली नाही. थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर रेकॉर्ड होत राहिली. मग त्यांनी तसंच पाठवून दिलं.

रविवारी आईचा फोन.

“काय बोललीस गं बाळा. पाळकसाहेबांची बायको पदर लावून बसली होती डोळ्यांना. फक्त शेवटचं आमेन तुटलं बघ. तुमच्याकडचं नेटवर्क मेलं.”

“हं.”

“असू दे, बिघडलं नाही काही. तुझ्या वाटचं आम्ही म्हटलं. सगळ्यांनी मिळून, चांगलं मोठ्यानं.”