चार जुलैची वंदना

"अंकल, कम लाह! केक कापतायत," म्हणत ऑफिसातल्या ऋचानं विश्वासच्या हातात अमेरिकेचा कागदी झेंडा कोंबला.

कंपनी अमेरिकन, त्यामुळे सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या या ऑफिसात दर चार जुलैला अमेरिकेचा वाढदिवस व्हायचा. २००७ सालच्या केकवर २३१ असा आकडा होता. विश्वासला आज घरचंच झालं होतं थोडं, त्यात हे घोडं.

मोबाइल वाजला. अकोल्याहून धाकटी बहीण नंदा बोलत होती.

"दादा, यांना जाऊन आज वर्ष झालं. भंतेजी आले, पुण्यानुमोदनाले सारे जमले. फोन स्पीकरवर ठेवते, तू बी वंदना म्हण."

तो जिन्यात आला.

गेल्या वर्षी विश्वास याच कंपनीच्या गोदीत सेफ्टी सुपरवायझर होता आणि नंदाचा नवरा धनेश त्याच्याच हाताखाली फिटर. त्यानंच धनेशला सिंगापूरला आणलं होतं. जहाजाच्या टाकीत माणूस उतरवायचा तर आधी आतल्या हवेतला प्राणवायू मोजायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजायचा, हा नियम. पण गेल्या चार जुलैच्या दुपारी साहेबांना पार्टीआधी काम उरकायचं होतं. विश्वासनं सकाळचाच आकडा दुपारच्या रकान्यात उतरवला आणि सही ठोकली. धनेश हसत खाली उतरला, तो जिवंत वर आलाच नाही. चौकशीत कागद चोख निघाला. विश्वासला टेबलाचं काम मिळालं.

"हवा तपासली होती ना रे?" नंदानं तेव्हा विचारलं होतं.

"हो. मी स्वतः," तो म्हणाला होता.

आता फोनवर ती जमलेल्यांना सांगत होती, "माह्या दादानं सोता तपासलं होतं, बाई. माहंच नशीब फुटकं."

विश्वासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पंचशील सुरू झालं. भंतेजी एकेक शील सांगत, लोक मागून म्हणत. पहिलं, जीव न घेण्याचं, म्हणतानाच तो अडखळला. दुसरं, तिसरं सवयीनं म्हटलं गेलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. आईनं दोघा भावंडांना एकाच चटईवर बसवून हे पाठ करून घेतलं होतं.

"दादा, आवाज नाही येऊन राहिला. थांबा भंतेजी, दादाचं राहिलं."

आत ऑफिसात टाळ्या वाजत होत्या. विश्वास पायरीवर बसला.

"म्हण ना, दादा. आम्ही थांबलो हाओत."

एका हातात फोन, दुसऱ्या हातात झेंडा. अकोल्यात पंधरा-वीस माणसं हात जोडून त्याची वाट पाहत होती.