बदकांचा विल्यम

आमच्या पोर्टकार्नमध्ये, या कोळ्यांच्या बंदरगावात, कुणाला आडनाव विचारू नये. उत्तर 'फ्लेट' येतं, नाहीतर 'मेअर' येतं, आणि तुम्ही होतात तिथेच राहता. आमच्या वर्गात चोवीस मुलं, त्यातली अकरा फ्लेट. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराला एक हाकेचं नाव असतं आणि खरं नाव तेच. पोस्टमनही तेच बघतो.

आम्ही बदक. माझ्या खापरपणजोबांचे कुणीतरी एकाच वर्षात तीनदा धक्क्यावरून पाण्यात पडले आणि तिन्ही वेळा तरंगत राहिले, झालं, पुढच्या सगळ्या पिढ्या बदक. मागच्या गल्लीतले फ्लेट ते शिट्टी, कारण त्यांच्यातल्या एकाने बोटीवर शिट्टी वाजवली होती. बोटीवर शिट्टी वाजवली की वारा चवताळून येतो हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. वारा आला, शिडं फाटली, नाव चिकटलं.

मला लहानपणी या नावाची भयंकर लाज वाटायची. मी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की मागून कुणीतरी "क्वॅक" करायचं आणि मी खाली बसायची. पण गेल्या मार्चमध्ये एल्गिन शहरातल्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले, आणि तेव्हापासून मला बोलता येतं. आई म्हणते, आता थांबता येत नाही.

म्हणूनच तर दगडाच्या दिवशी नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं.

दगड म्हणजे 'फेअर मॉर्न' बोटीचा. एकोणीसशे त्रेपन्नच्या ऑक्टोबरात ती हेरिंग मासळी घेऊन परत येत होती आणि बंदराच्या तोंडाशी, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, उलटली. सात जण गेले. त्यातला एक आमचा विल्यम, वय वर्षं एकोणीस, माझ्या एल्सपेथ आत्याआजीचा थोरला भाऊ. आत्याआजी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि धक्क्यावर उभी होती. तो सापडलाच नाही. शाळेतली पोरं पुढे कितीतरी दिवस तिला विचारायची, "काय गं, बदक बुडतं का कधी?" एवढंच तिने मला सांगितलंय, आणि तेसुद्धा एकदाच.

बहात्तर वर्षांत त्या सात जणांसाठी गावाने साधी पाटीसुद्धा लावली नव्हती. शेवटी स्मारक समिती बसली, ग्रॅनाइटचा दगड ठरला, तो धक्क्यावर आणून बसवला आणि त्यावर ताडपत्री टाकली. अनावरणाच्या आधीच्या सोमवारी मी सराव करायला गेले. कागदावरून कुणीही वाचेल, मला दगडासमोर वाचायचं होतं. ताडपत्रीखाली डोकं घातलं आणि मोठ्याने सुरुवात केली. वाचून झालं. पुन्हा वाचलं. मग बोट लावून मोजलं.

सहा.

विल्यम फ्लेट एकच होता.

आता 'फेअर मॉर्न'वर विल्यम फ्लेट दोन होते. एक बदकांचा, एक शिट्ट्यांचा. हे आख्ख्या गावाला माहीत आहे. मग झालं कसं? मी दुपारभर गावात फिरून ते शोधून काढलं. आधीच्या यादीत प्रत्येकाच्या पुढे हाकेचं नाव होतं. समितीने ती नावं काढून टाकली, दगडावर बरी दिसणार नाहीत म्हणून. मग यादीत एकाखाली एक दोन सारख्या ओळी उरल्या. दगड कोरणारा परगावचा, इनव्हर्नेसचा. त्याला वाटलं, टाइप करताना चुकून दोनदा पडलंय. त्याने एक ओळ गाळली आणि नमुना पाठवला. तो नमुना बेकरीत दोन आठवडे टांगला होता, सगळ्यांनी तपासून खाली सही करावी म्हणून.

आणि सगळ्यांनी सही केली! बदकांनी पाहिलं, विल्यम फ्लेट आहे, छान. शिट्ट्यांनी पाहिलं, विल्यम फ्लेट आहे, छान. बाकीच्यांनी आपापला माणूस पाहिला आणि बटरी, म्हणजे आमचे खारट लोणीपाव, घेऊन घरी गेले. सातपर्यंत मोजायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत. सह्यांमध्ये तिसऱ्या ओळीत, शेवटच्या अक्षराला गाठ मारलेली सही आत्याआजीची होती.

मी तिला सांगायला गेले तेव्हा ती मोजा विणत होती. ऐंशीची झाल्यापासून ती फक्त मोजेच विणते. म्हणते, स्वेटर अर्ध्यावर टाकून मेलेलं बरं दिसत नाही, मोज्याचं तेवढं काही वाटत नाही.

"आत्याआजी, दगडावर एकच विल्यम आहे."

"आहे ना. आपला. मी पाहिला बेकरीत."

"अगं, शिट्ट्यांनीही पाहिला. त्यांचा म्हणून."

तिच्या सुया थांबल्या. मोजत असावी, कारण ओठ हलत होते. अँड्र्यू, जॉन, दोन्ही रीड... मग तिने मोजा मांडीवर ठेवला.

"मी सही केली, मोरव्हेन."

"सगळ्यांनीच केली."

"सगळ्यांचा भाऊ नव्हता तो," ती म्हणाली. "त्याला ना थडगं, ना काही. जायला एक जागा हवी होती मला. तेवढंच मागत होते. आणि माझ्या हाताने मी..." तिने मोजा उचलून टोपलीत टाकला. चहाही घेतला नाही, आणि चहा नाकारणारं बदक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग मी कामाला लागले. मला वाटलं होतं, चूक दाखवली की लोक ती सुधारतात. हसू नका, खरंच वाटलं होतं. दगडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, समितीचं पत्र आणा. समितीच्या चिटणिसांना भेटले. ते म्हणाले, आधी दगडवाल्याकडून लेखी आणा की खाली ओळ बसते. बंदराच्या कचेरीत गेले, तिथल्या माणसाने सांगितलं की धक्का त्यांचा, पण दगड त्यांचा नाही. मी विचारलं, "मग ताडपत्री तरी कुणाची?" तो विचार करायला लागला!

गुरुवारी मी समितीच्या अध्यक्षांनाच गाठलं. ऑड्री मेअरबाई. त्या चर्चच्या सभागृहात खुर्च्या मांडून घेत होत्या.

"मोरव्हेन, बाळ, तुझी तळमळ कळते मला. पण बैठक आता एकदम सप्टेंबरात."

"अनावरण रविवारी आहे, मेअरबाई."

"म्हणूनच म्हणते, आधी ते नीट पार पडू दे."

"चुकीच्या दगडाचं?"

"चुकीचा कसा? विल्यम फ्लेट आहे ना त्यावर?"

"एक आहे. बुडाले दोन."

"मग दोन्ही घरांनी तो आपला मानावा. त्यात काय एवढं? मनाचा मोठेपणा म्हणतात त्याला."

माझ्या कानातून वाफ निघाली असेल. "हाकेची नावं ठेवली असती तर हे झालंच नसतं! ती का काढलीत?"

"अगं, कॅनडातून माणसं येतात आपली मुळं शोधत. त्यांनी ग्रॅनाइटवर 'बदक' वाचायचं? 'शिट्टी' वाचायचं? हसतील की लोक आपल्याला." आणि त्या खुर्चीवरची नसलेली धूळ झटकायला लागल्या.

मला एकदम उमगलं. मेअरबाईंचं घर म्हणजे गोगलगाय. त्यांच्या पणजोबांची बोट रोज सगळ्यात शेवटी बंदरात यायची. त्यांचे आजोबा अँड्र्यू मेअर 'फेअर मॉर्न'चे तांडेल होते, आणि दगडावरचं पहिलं नाव त्यांचंच. पहिलं नाव, आणि पुढे गोगलगाय! माझ्या तोंडावर आलं होतं की बाई, तुमची समिती नावाला जागली हो. पण आईने बजावलं होतं, म्हणून गिळलं. अजून पोटात टोचतंय.

सगळ्यात वाईट म्हणजे गावात आता भांडणच पेटलं. डॉड शिट्टी म्हणजे बुडालेल्या दुसऱ्या विल्यमचा पुतण्या, एकोणऐंशी वर्षांचा. जुन्या लाइफबोटीची घंटा वाजवायचा मान त्याचा. तो बेकरीत सगळ्यांदेखत म्हणाला, "माझा काका त्या बोटीवर आठ वर्षं होता. बदकांचं पोरगं तर पहिल्याच मोसमाला गेलेलं. नाव कुणाचं ते सांगायला हवं का?"

माझा बाबा तिथेच रांगेत होता. "अरे, तुमच्या घराण्याची शिट्टी ऐकूनच वारा आला असेल तेव्हा!" तो म्हणाला.

ते बोलायला नको होतं. बेकरीणबाईंनी दोघांनाही बटरी न देता बाहेर काढलं.

रविवारी ऊन होतं, म्हणजे आमच्या हिशेबाने ऊन. कोट अंगावर, पण बटणं उघडी. धक्क्यावर सगळं गाव खुर्च्यांवर बसलेलं, दगडावरची ताडपत्री उतरलेली. रीत अशी ठरली होती की मी एकेक नाव वाचायचं, त्या घरची माणसं उठून उभी राहणार आणि डॉड घंटेचा एक ठोका देणार. मेअरबाईंनी माझ्या हातात कागद दिला आणि हळूच म्हणाल्या, "जसं कोरलंय तसंच वाचायचं हं."

"अँड्र्यू मेअर."

मेअरबाई उठल्या. ठोका. मग जॉन फ्लेट, मग दोन रीड भाऊ.

"विल्यम फ्लेट."

उजवीकडे शिट्ट्यांच्या दोन रांगा उठल्या. डावीकडे आत्याआजी उठली, बाबाने तिचा दंड धरलेला. दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत उभ्या. डॉडने टोपी काढली, मान ताठ केली आणि ठोका दिला.

कुणीच खाली बसेना.

"डॉड," आत्याआजी म्हणाली. तिचा आवाज एरवी स्वयंपाकघराबाहेर जात नाही, तो सगळ्या धक्क्यावर गेला. "हा ठोका कुणाचा?"

"माझ्या काकाचा."

"बरं. मग माझ्या भावाचा कधी देतोस?"

डॉडने दोरीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "एल्सपेथ, कागदावर एकच आहे गं."

मेअरबाई मला खुणावत होत्या, पुढचं वाच, पुढचं वाच. मी कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

"मी चुकीचं वाचलं," मी म्हणाले. "पुन्हा वाचते."

"मोरव्हेन!" मेअरबाई.

"अँड्र्यू मेअर, गोगलगाय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉडने ठोका दिला. मेअरबाई बसलेल्याच. सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्याकडे घरचं नाव घेतलं आणि माणूस उठला नाही, असं होत नाही. त्यांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला. मग त्या उठल्या. आजोबांचंच नाव होतं ना ते.

"जॉन फ्लेट, साखर. जेम्स रीड, ढोल. पीटर रीड, ढोल." चार ठोके झाले. "विल्यम फ्लेट, शिट्टी." ठोका. मी श्वास घेतला. "विल्यम फ्लेट, बदक."

शाळेतली सगळी मुलं तिसऱ्या रांगेत होती. कुणीही क्वॅक केलं नाही.

डॉडने आत्याआजीकडे पाहून मान लववली आणि ठोका दिला. मग शेवटचा, रॉबर्ट मेअर, खिळा. सात.

तुम्हाला वाटेल, चला, गोड झालं. मलाही वाटलं होतं, साधारण पंधरा मिनिटं. चहाच्या वेळी डॉड येऊन आत्याआजीशेजारी बसला, बाबाने त्याला आपली बटरी दिली. आणि मग पाहुणे दगडापाशी फोटो काढायला गेले. दगडावर सहा नावं. कॅनडाच्या एका बाईंनी मोठ्याने मोजली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मुलीने एक जास्त वाचलं."

मी जास्त वाचलं!

पुढच्या आठवड्यात मी समितीला पत्र लिहिलं, बदक आणि शिट्टी दोन्ही घरांच्या सह्यांचं. यावेळी सह्या मी स्वतः मोजल्या, एकेचाळीस. उत्तर आलं, तीन ओळींचं. विषयाची नोंद घेतली आहे. सप्टेंबरच्या बैठकीत 'इतर विषय' या सदरात, वेळ उरल्यास, विचार होईल. ते घेऊन मी तडक आत्याआजीकडे गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत ते नाटकासारखं वाचून दाखवलं. "वेळ उरल्यास! बहात्तर वर्षं कमी पडली का यांना? आणि सप्टेंबरात म्हणतील डिसेंबर, डिसेंबरात म्हणतील थंडीत दगड कोरत नाहीत..."

"झालं का बोलून?"

"नाही!"

"मग बोलत बोलत इकडे ये. हात वर कर."

तिच्या हातात मापाची फीत होती. टेबलावर मोज्याचा पत्ता नव्हता. गडद निळ्या लोकरीच्या सात लडी होत्या आणि पाच लांब सुया, कोळ्यांच्या स्वेटरच्या.

"हे काय?"

"स्वेटर. सप्टेंबरात त्या बैठकीला तू घालून जायचंस." तिने फीत माझ्या छातीभोवती आवळली, आकडा पाहिला आणि पाठीवर चापट मारली. "नीट उभी राहा. आणि श्वास भरून ठेव, तुला तिथे पुष्कळ बोलायचंय."

"आणि त्यांनी पुढे ढकललं तर?"

"तर बाह्या लांब करीन," आत्याआजी म्हणाली आणि पहिला टाका घातला.