झाकणाचं गाऱ्हाणं

त्या दसऱ्याला कारखान्यात सगळ्यांत मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' कोण म्हणालं? मी, प्रभावती. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सत्त्याऐंशी साल. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना, दाराच्या इलेक्ट्रॉनिक घंट्यांचा. बटण दाबलं की चिमणी चिवचिवायची. मी हंगामी, प्लॅस्टिकच्या डब्यांना झाकणं लावायला. एका झाकणाला चार स्क्रू. भाट्याच्या खाडीची ती खारी हवा. सहा महिन्यांत स्क्रू गंजायचे आणि घंट्या परत आमच्याच टेबलावर यायच्या. मालक वैतागले. म्हणाले, "बिनस्क्रूचं झाकण जो करून दाखवील, त्याला डायखात्यात, साचे बनवायला, कायम करतो."

कायम! तीन वर्षं त्या एका शब्दावर डोळे लावून बसले होते मी.

बाद झाकणं घरी नेली. त्यांच्या जाड काठातून कानशीनं हुकासारखे आकडे कोरले, डब्याला खाचा पाडल्या. दाबलं की आकडा जरासा वाकायचा आणि खाचेत बसायचा, टच्! पण दहा-बारा वेळा उघडलं की मेला मोडायचा. नेमका एकाच जागी, आकडा झाकणाला जुळतो त्या आतल्या कोपऱ्यात. महिनाभर डोकं खाल्लं त्यानं. शेवटी सायकलच्या स्पोकला पॉलिश पेपर गुंडाळून कोपरा गोल केला. आकडा बुडाशी जाड ठेवला, टोकाकडे पातळ. तीनशे वेळा उघडझाप केली, मोडला नाही. चुलीपुढे एकटीच नाचले मी!

बाबाजी माझा मावसभाऊ. डायखात्यात फिटरच्या हाताखाली, माझ्यासारखाच हंगामी. नमुना मी त्याच्या हातात दिला, कोपरा गोल का तेही समजावलं.

"मालकांना मी दाखवतो, तुझं नाव सांगून," तो म्हणाला. "बाईमाणसानं एकदम केबिनमध्ये घुसणं बरं दिसत नाय गो."

मला ते पटलं. पटलंसुद्धा!

दसऱ्याला यंत्रांची पूजा. आमचे वॉचमन सखारामतात्या गावच्या देवळात गाऱ्हाणी घालायचे. कारखान्यातही नारळ ठेवून तेच देवाला सगळ्यांचं मागणं सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवासमोर व्हय म्हटलं की ते कबूल, मग त्यात मागेपुढे नाही. आदल्या दिवशी मीच बाबाजीला म्हटलं होतं, "दादा, तात्यांना सांग, झाकणासाठीपण गाऱ्हाणं घालायला."

"सांगतो की," तो म्हणाला.

मी डोळे मिटून हात जोडले. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, कुणाचा हात मशीनमध्ये जाव देव नुको."

व्हय म्हाराजा!

"आणि ह्या बिनस्क्रूच्या झाकणाला..." झाकण ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. "...बाबाजीन सोताच्या अकलेन जा केलान, त्येला येस दी रे म्हाराजा!"

व्हय म्हाराजा!

माझा आवाज सगळ्यांच्या वर. काय बोलून बसले ते नंतर कळलं. डोळे उघडले तर बाबाजी नारळाकडे बघत होता. माझ्याकडे बघेना.

तशीच केबिनमध्ये गेले. "साहेब, झाकण माझं आहे. कोपरा गोल का केला, विचारा मला!"

मागोमाग बाबाजी आलाच. "ते मीच सांगितलं तिला, साहेब."

केसानं गळा कापलान हो माझा!

मालक शांतपणे म्हणाले, "बाई, आत्ता देवासमोर व्हय कोण म्हणालं? सगळ्यांत मोठ्यानं? मी ऐकलं की."

बाहेर आले आणि संडासात जाऊन रडले.

शिमग्याच्या सुमाराला नवी झाकणं आली. टच्, टच्, एका हातानं बसायची. स्क्रू लावायला आठ बायका लागायच्या, आता दोघी पुरल्या. सहा जणींना कमी केलं. यादी वाचायला आला बाबाजी, आता कायम झालेला. पहिलं नाव माझं.

"प्रभा, माझ्या हातात काय नाय गो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

मी टेबलावरचं एक झाकण उचललं, आकड्यावरून बोट फिरवलं. "कोपरा गोलच ठेवलायस ना?"

"व्हय," तो म्हणाला.