दुसरी रिंग

गाडी दोरीने ओढत आणली तेव्हा पहिली शिवी मी स्पेअर पार्टच्या दुकानदाराला घातली आणि दुसरी गाडीला. तिसरी कुणाला घालावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात लेकीने उतरून धाडकन दार आपटलं.

"बाबा, शिव्या नंतर द्या. ऑइलचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं."

"शहाणी आहेस."

"मागच्या सीटवर पेशंट होती. टाके घातलेली बाई. भर रस्त्यात पाऊण तास उन्हात बसून राहिली."

लेक नर्स आहे. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, इंजेक्शनं देते, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर स्वतःच्या गाडीतून नेते. चौतीस वर्षांची झाली तरी मी तिला चिमणी म्हणतो आणि चारचौघांत ती चिडते. गाडी एकोणीस वर्षांची. मीच निवडलेली, मीच जपलेली. तीन आठवड्यांपूर्वी मी तिचं ऑइल आणि फिल्टर बदलला आणि तेव्हापासून ती गळायला लागली.

"ही तिसरी खेप," चिमणी म्हणाली. "या वेळी नाही जमलं तर मी चौकातल्या गॅरेजमध्ये नेणार. राग मानू नका."

राग मानू नका म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक्केचाळीस वर्षं हे काम करतोय. गाडीखाली आडवा पडून, न दिसणारे नट नुसत्या बोटांनी काढले आहेत. "माझ्या हाताची चूक निघाली ना," मी म्हणालो, "तर पुन्हा पान्याला हात लावणार नाही. लिहून घे."

"मला लिहून काय करायचंय? मला गाडी हवीय."

गळतीचं सोंग असं असतं की ऑइल जिथे दिसतं तिथून ते येतच नाही. वरून कुठून तरी ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं आणि खाली एखाद्या गरीब बोल्टाच्या टोकाला लोंबत राहतं. नवशिका त्या बोल्टावर तुटून पडतो. म्हणून वरून खाली बघत यायचं. पहिल्या खेपेला मला इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट ओलं दिसलं, ते बदललं. दुसऱ्या खेपेला पुढचं ऑइल सील. दोन्ही खरोखरच म्हातारी झाली होती, त्यामुळे मी खुशीत होतो. फिल्टरकडे मी दोन्ही वेळा ढुंकूनही पाहिलं नाही. तो मी लावला होता.

या वेळी मात्र सगळं रीतसर केलं. डिझेल आणि ब्रशने इंजिन घासून धुतलं, हवा मारून कोरडं केलं, नवं ऑइल ओतलं. मग घरातला पावडरचा डबा आणून सगळीकडे पावडर फासली. न्हाऊन आलेल्या बाळासारखं दिसायला लागलं इंजिन. चिमणीलाही हसू आलं.

"आता चालू कर," मी म्हणालो. "जिथून गळेल तिथे पावडर काळी पडेल. लपायला जागा नाही."

दहा मिनिटं इंजिन चालवलं. वरचं झाकण पांढरंफेक, पुढचं सीलही कोरडं ठणठणीत.

"बघितलंस? माझं काम कसं आहे!"

"बाबा, मागे बघा."

मागच्या अंगाला पावडरीत एक काळी रेघ उतरत होती. तिथे इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट आहे आणि त्या फटीत फिल्टर बसतो. चिमणीने टॉर्च धरला, मी दाढीचा आरसा आत सरकवला.

"फिल्टरमधूनच येतंय," ती म्हणाली.

"शक्यच नाही. तो मी बसवलाय."

"अहो, आरशात दिसतंय ना!"

दिसत होतं. फिल्टरच्या कडेतून रबराची काळी जीभ बाहेर आली होती.

फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधी कधी ती रिंग इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की रिंगा होतात दोन. काही दिवस निभतं, मग दाबाने एक रिंग बाहेर फेकली जाते आणि ऑइल भळाभळा वाहतं. म्हणून नवा फिल्टर लावण्याआधी त्या जागेवरून बोट फिरवून बघायचं. हा धडा पहिल्या दिवशीचा आहे, एक्केचाळिसाव्या वर्षाचा नाही.

इंजिन बंद करून मी फिल्टर सोडवला. त्याची रिंग त्याच्याबरोबर आली. मागोमाग दुसरी माझ्या तळव्यावर पडली, चपटी, चावून टाकल्यासारखी.

"विसरलात?" चिमणीने हळूच विचारलं.

विसरलो असतो तर किती बरं झालं असतं! पण मला लख्ख आठवत होतं. त्या दुपारी मी फडक्याने जागा पुसली होती, फटीत हात घालून बोट एकदा गोल फिरवलं होतं, आणि परत उलटं. तिथे काही नव्हतं. देवाशपथ काही नव्हतं.

"विसरलो नाही. बोट फिरवलं होतं मी. रिंग लागली नाही हाताला."

तिचं लक्ष आता रिंगेकडे नव्हतंच. तिने माझं मनगट धरून हात उजेडात ओढला.

"हे कधी भाजलं?"

दोन बोटांच्या टोकांना मोठाले फोड येऊन फुटले होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

"सायलेन्सरचं असेल. काल वगैरे."

"काल वगैरे? तुम्हाला माहीत नाही?"

"आता एवढ्या तेवढ्याने बोंब मारत बसू का?"

"साखर शेवटची कधी तपासलीत?"

दर महिन्याला ती हेच विचारायची आणि दर महिन्याला मी 'नॉर्मल आहे' म्हणून ठोकून द्यायचो. खरं म्हणजे दोन वर्षांत मी रक्त तपासायला फिरकलोच नव्हतो. मी मान खाली घातली. लाज वाटली मला, पोटच्या पोरीपुढे.

तिने मला स्टुलावर बसवलं, साबणाने माझा हात धुतला, पिशवीतून कापूस काढून त्याचं टोक पिळलं. "डोळे मिटा. कापूस लागला की हो म्हणा."

"काय पोरखेळ लावलायस!"

"मिटा म्हणते ना."

कोपराशी लागला. हो म्हणालो. मनगटाशी लागला. हो. तळव्यावर थोडा उशिरा, पण लागला. मग ती थांबली. मी वाट पाहत बसलो.

"लाव ना गं."

मी स्टुलावर चुळबुळलो.

"अगं चिमणे, लाव की. गिऱ्हाईक येईल एखादं."

शेवटी मी डोळे उघडले. कापूस केव्हाच खाली पडला होता. ती माझ्या बोटाच्या टोकाला आपलं नख रुतवत होती, चांगला जोर लावून, आणि दुसरा हात तिने तोंडावर दाबून धरला होता.

तेव्हा मी खरा घाबरलो. बोटांसाठी नाही. ती गेली तर गेली. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं मी याच बोटांना विचारून करत आलो होतो, आणि ती मला किती दिवस खोटं सांगत होती कोण जाणे.

चिमणीने डोळे पुसले आणि पेन काढलं. "न बघता, नुसत्या हाताने काय काय केलंत ते सांगा. महिनाभरातलं."

मी एकेक गाडी आठवून सांगत गेलो, ती लिहीत गेली. चार झाल्या आणि मग पाचवी आठवली. शाळेची व्हॅन. परवाच मी तिच्या मागच्या ब्रेकचा पाइप बदलला होता. त्याचा नट चाकाच्या मागे बसतो. पहिले दोन आटे बोटांनीच फिरवायचे, तो सरळ बसतोय की तिरका हे बोटालाच कळतं. तिरका बसला तर ब्रेकचं तेल झिरपत राहतं आणि एक दिवस ब्रेक लागतच नाही. सरळ बसला होता. म्हणजे मला तसं वाटलं होतं. व्हॅन चालवूनही पाहिली होती मी, ब्रेक झकास लागले होते. पण चिमणीची गाडीसुद्धा तीन आठवडे चाललीच होती की.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा चारला सुटते.

नंबर चिमणीने लावला, माझ्याच्याने ते होईना. तीन रिंगनंतर व्हॅनवाल्याने फोन उचलला. मागे पोरांचा नुसता कालवा.

"बोला काका!"

"कुठे आहेस?"

"हा काय, टेकडी उतरतोय. चौदा वानरं आहेत गाडीत."

"गिअर खाली घे. ब्रेकवर जोर देऊ नकोस. हळूहळू कडेला घे, हँडब्रेक ओढ आणि पोरांना उतरव."

"का? काय झालं?"

"आधी गाडी थांबव रे बाबा!"

"अहो पण ब्रेक तर परवाच तुम्ही केलेत ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच केलेत."