माहीत नसलेली नावं

"फाईलला हात कुणी लावलाय?" विद्याश्रीनं विचारलं.

"मी न्हाय, मॅडम," अनुजा म्हणाली.

राजारामपुरीतल्या त्या छोट्या कंपनीत एका परदेशी विमा कंपनीचे कोबोल या जुन्या संगणकभाषेतले प्रोग्राम सांभाळले जात. विद्याश्रीची सगळी नोकरी त्यातच गेली होती. मुरगूडहून येणारी अनुजा अजून उमेदवारीवर होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आज दुपारी विद्याश्रीच्या शब्दावर ठरणार होतं.

आणि नेमका आज प्रोग्राम अडला. पडद्यावर चुकांची रांग लागली होती आणि प्रत्येक चूक अनुजानं लिहिलेल्या ओळीवर होती. हे नाव माहीत नाही, तेही नाव माहीत नाही. विद्याश्रीनं ही नावं नोंदवलेली वेगळी फाईल उघडून पाहिली. नावं जागच्या जागी होती, अगदी बरोबर. मग माहीत नाहीत कशी? काल सगळे गेल्यावर ही पोरगी मागं राहिली होती. घोळ घातला असणार आणि आता गुपचूप सारवला असणार.

"काल थांबली होतीस कशाला?"

"बस चुकलीती. सांगितलंतं की तुमाला."

"नेमकी कालच चुकली?"

"आता माझी तिकिटं बी तपासणार काय, मॅडम?"

तेवढ्यात मॅनेजर शिवप्रसाद खुर्ची ओढून बसला. "काय मॅडम, ठेवायची का पोरगी?"

"आधी हे बघा." विद्याश्री नव्या माणसाला समजावते तशी पहिल्यापासून सांगू लागली. "हा प्रोग्राम कॉम्प्युटरमधले दोन तपासनीस तपासतात. पहिला फक्त डेटाबेसला विचारलेले प्रश्न बघतो, म्हणजे हिच्या ओळी. त्याचं झालं की उरलेलं सगळं दुसरा बघतो. आता बाहेरच्या फाईलमधली नावं 'कॉपी' लिहून आत आणली, तर ती फाईल उघडतो दुसरा. पहिल्याला त्यातलं काहीच दिसत नाही. म्हणून त्याच्यासाठी 'कॉपी'च्या जागी 'इन्क्लूड'च..."

तिचं बोट पडद्यावर थांबलं. अगदी वर, नावांची फाईल आत आणणाऱ्या ओळीत 'कॉपी' होतं. ती ओळ काल तिनंच घातली होती. जुन्या सवयीनं हात गेला होता.

"पुढं?" शिवप्रसादनं विचारलं.

"ही ओळ माझी आहे. हिच्या ओळींत काही चूक नाही." तिनं शब्द बदलला आणि प्रोग्राम पुन्हा लावला. चुकांची रांग नाहीशी झाली. "कायम करा हिला."

शिवप्रसाद मान डोलावून उठून गेला.

"अनुजा, मी उगाच संशय घेतला. चुकलं माझं."

"असू दे, मॅडम."

"चल, चहा घेऊ."

"चला की."

अनुजा उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आजवर ती कॉम्प्युटर उघडाच टाकून जायची. आता वाकून तिनं तो लॉक केला. पडदा काळा झाल्याची खात्री केली आणि विद्याश्रीकडं न बघता म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. आलेच मी."